विजेची गाडी ओझं ओढते तेव्हा

मंडळी, बैलाला जोखायचं तर आपण दोन गोष्टी पाहतो. एक, चिखलात रुतलेली गाडी तो बाहेर काढतो का? आणि दुसरी, भरली गाडी घेऊन तो बाजारापर्यंत टिकतो का? या दोन गोष्टी एकच नव्हेत, हे शेतकऱ्याला सांगायला नको. एखादं खोंड जोरात हिसका देतं, पण दोन कोसांवर जिभेला फेस आणतं. विजेवर चालणाऱ्या ट्रकांबद्दल अमेरिकेत गेली काही वर्षं जो वाद चालू आहे, तो नेमका याच दोन प्रश्नांचा आहे.

हा वाद तिथेच का, ते आधी सांगतो. तिकडे पिकअप ट्रक हे घरगुती वाहन आहे. पुढे माणसांना बसायला जागा, मागे उघडा हौदा, आणि हौद्याच्या खाली एक मजबूत हूक. त्या हुकाला काय काय जोडतात! शेतकरी घोड्यांची किंवा गुरांची गाडी जोडतो, गवंडी सामानाची जोडतो, सुटीला निघालेलं कुटुंब चाकांवरचं घर जोडतं, आणि तळ्याकाठी मासे धरायला जाणारा आपली होडी जोडतो. या मागच्या गाडीला ते ट्रेलर म्हणतात. आपल्या ट्रॅक्टरमागच्या ट्रॉलीची ती बहीणच. फक्त ती ताशी शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या वेगाने पळते. हा वेगाचा फरक ध्यानात ठेवा, पुढे सगळं त्यावरच येऊन ठेपणार आहे.

सन २०२१ च्या सप्टेंबरात रिव्हियन कंपनीचा आणि २०२२ मध्ये फोर्ड कंपनीचा ‘लाइटनिंग’ नावाचा विजेचा ट्रक गिऱ्हाइकांच्या हाती पडू लागला. कंपन्यांनी सांगितलं की रिव्हियन जवळजवळ पाच टन ओढतो आणि लाइटनिंग साडेचार टन. ही बढाई नव्हती. विजेच्या मोटरीचा गुणच असा की ती उभ्या जागेवरून पूर्ण जोर लावते. डिझेलच्या इंजिनाला आधी फेरे चढावे लागतात, मग अंगात बळ येतं. मोटरीला तसं नाही. चढावर थांबलेली भरली गाडी ती निमूटपणे, धक्का न देता हलवते. तेव्हा पहिल्या प्रश्नाचं उत्तर साफ आहे: जोर आहे, भरपूर आहे.

आता दुसरा प्रश्न, शिदोरीचा. लाइटनिंगच्या मोठ्या बॅटरीत १३१ युनिट वीज मावते. युनिट म्हणजे तेच, जे तुमच्या वीजबिलावर छापलेलं असतं. महिन्याला शंभर युनिटं जाळणाऱ्या घराला ही बॅटरी सव्वा महिन्याहून जास्त पुरेल. एवढ्या विजेवर रिकामा ट्रक, मॉडेलप्रमाणे, ३०० ते ३२० मैल जातो असा तिथल्या सरकारी चाचणीचा आकडा होता. म्हणजे सुमारे ४८० ते ५१५ किलोमीटर. ऐकायला झकास. पण २०२२ मध्ये ‘कार अँड ड्रायव्हर’ या मासिकाने त्याच्यामागे पावणेतीन टनांचं चाकांवरचं घर जोडलं आणि ताशी ११३ किलोमीटरने हमरस्त्यावर सोडलं. तेव्हा तो जेमतेम १६० किलोमीटर गेला. रिव्हियन १७७ च्या आसपास. बॅटरीचं कोठारच घेऊन फिरणारा हमर नावाचा तिसरा ट्रक तेवढा सव्वादोनशेपर्यंत पोचला.

पाचशेचे एकशे साठ! बाकीची वीज गेली कुठं?

आपल्याला वाटेल, ओझ्याने खाल्ली. बैलगाडीच्या अनुभवाने तसंच वाटणार. पण इथे आपला अनुभव आपल्याला चकवतो. त्याच साली ‘मोटर ट्रेंड’ या दुसऱ्या मासिकाने लाइटनिंगमागे तीन वेगवेगळ्या वजनांचे ट्रेलर जोडून पाहिले: एक साधारण १.४ टनांचा, दुसरा २.४ टनांचा, तिसरा ३.३ टनांचा. पहिल्याने ट्रक सुमारे १८५ किलोमीटर गेला, दुसऱ्याने १६०, तिसऱ्याने १४५. वजन दुपटीहून जास्त वाढलं, आणि तिसरा ट्रेलर काही नुसता जड नव्हता, थोराडही होता. तरी पल्ला तुटला तो चाळीसच किलोमीटरने. उलट सगळ्यांत हलका ट्रेलर जोडला तेव्हाच निम्म्याहून जास्त पल्ला नाहीसा झाला होता. चोर वजन नव्हे. चोर वारा आहे.

गुरुजींनी हे वर्गात फळ्यावर मांडावं, मुलांना ते आवडेल. डांबरी रस्त्यावर हवेच्या टायरवर चालणाऱ्या गाडीला सरळ सपाटीवर ओढायला तिच्या वजनाच्या साधारण शंभराव्या हिश्शाएवढी ओढ पुरते. एक टन ओझं म्हणजे दहा किलोची ओढ. ती एक किलोमीटरभर लावली की खर्च होतो तीन शतांश युनिटाहूनही कमी. ट्रक आणि ट्रेलर मिळून सहा टन धरले, तरी वजनापोटी किलोमीटरला युनिटाचा सहावा हिस्सा जातो. मोटरीतली तूट धरून पाचवा म्हणा. पण मासिकाच्या चाचणीत प्रत्यक्ष खर्च किती? १३१ ला १६० ने भागा. किलोमीटरला ०.८२ युनिट. म्हणजे चार हिश्शांतला एक हिस्सा वजनाने घेतला आणि उरलेले जवळजवळ तीन हिस्से वाऱ्याने.

वाऱ्याचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट तर रोध चौपट. बैलगाडी ताशी चार किलोमीटरने चालते. ११३ हा त्याच्या अठ्ठावीसपट वेग, म्हणून त्याच आकाराच्या वस्तूला वाऱ्याचा रोध जवळजवळ आठशेपट होतो. बैलाला कधी वारा ओढावा लागला नाही, म्हणून आपल्या सात पिढ्यांनी वजनाचाच हिशेब केला आणि तो बरोबरच होता. ताशी शंभरच्या पुढे मात्र चाकांवरचं घर म्हणजे रस्त्यावरून धावणारी उभी भिंत होते. वारा कापायचा नाही, ढकलून बाजूला करायचा.

म्हणूनच होडी ओढणाऱ्याची तक्रार घर ओढणाऱ्यापेक्षा सौम्य असते. होडी वजनाने भारी असली तरी ट्रेलरवर बसकी असते, पुढचं टोक निमुळतं असतं, आणि बरीचशी ट्रकच्या आडोशालाच राहते. छत, खांब, दिव्यांचे दांडे उभे ठेवून निघालं तर मात्र ती जमेची बाजू गेलीच. दोन टनांची होडी एक टनाच्या उंच डब्यापेक्षा स्वस्तात जाऊ शकते, हे दुकानातल्या तक्त्यावर कुठेच लिहिलेलं नसतं. तिथे लिहितात फक्त ‘इतके टन ओढतो’.

यावर फुकटचा उपायही आहे, तो म्हणजे सावकाश जाणं. ११३ ऐवजी ताशी ८९ किलोमीटरने निघालं तर वाऱ्याचा रोध जवळजवळ चाळीस टक्के उतरतो. वरच्याच हिशेबाने पाहिलं तर १६० किलोमीटरचा पल्ला दोनशेच्या पुढे सरकतो. पण सुटीच्या दिवशी घाईला लागलेल्या माणसाला हे पटवणं, मग तो अमेरिकेतला असो की आपल्याकडचा, सोपं नाही!

आता चढाचं पाहू. कोलोरॅडो राज्यात डेन्व्हर शहर समुद्रसपाटीपासून सोळाशे मीटरांवर आहे. तिथून पश्चिमेला डोंगरात जाणारा हमरस्ता शंभर किलोमीटरांच्या आत आयझेनहॉवर बोगद्यापाशी सुमारे ३,३५० मीटरांवर पोचतो. सहा टनांची जोडगाडी १,७५० मीटर वर उचलायची म्हणजे किती वीज? वजन, उंची आणि ९.८ यांचा गुणाकार करून ज्यूल काढा आणि ३६ लाखांनी भागा: साडेअठ्ठावीस युनिटं. वाऱ्याचा आणि रस्त्याचा खर्च वेगळा. उतरताना मात्र विजेची गाडी एक गोष्ट करते जी पेट्रोलच्या गाडीला जमत नाही. उतारावर तिची मोटर उलटी जनित्रासारखी चालते, गाडीला आवरून धरते आणि चढताना खर्चलेल्या विजेतली बरीचशी बॅटरीत परत घालते. ब्रेक तापत नाहीत. फक्त एक खबरदारी हवी. डोंगरमाथ्यावर मुक्काम करून बॅटरी गच्च भरून निघालात तर परत येणारी वीज ठेवायला जागाच नसते, आणि मग सगळा भार ब्रेकवर येतो. माथ्यावरून निघताना बॅटरी थोडी रिकामी ठेवावी.

आणखी एक. ही मोटरीची आवर फक्त ट्रकच्या चाकांना असते, ट्रेलरच्या नाही. ओल्या रस्त्यावर पुढचा थांबू लागला आणि मागचा ढकलू लागला तर जोडगाडी कोयत्यासारखी मिटते. म्हणून जड ट्रेलरला स्वतःचे ब्रेक हवेतच. तिथल्या बऱ्याच राज्यांचा कायदाही तसा आहे.

ओझं कसं भरावं हे मात्र आपल्या गाडीवानाने अमेरिकेला शिकवावं. मागे जास्त भार पडला की गाडी उलाळ होते, जू मानेवरून उचललं जातं. ट्रेलरचंही तेच. त्याच्या एकूण वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार हुकावर यायला हवा. कमी आला तर वेगात ट्रेलर शेपटासारखा झुलू लागतो, आणि एकदा झुलू लागला की भल्याभल्या चालकाचे हात कापतात. जास्त आला तर ट्रकची मागची बाजू बसते आणि पुढची चाकं रस्त्यावर हलकी पडतात. शिवाय हुकावरचा हा भार ट्रकने पाठीवर वाहायच्या ओझ्यात धरावा लागतो, आणि विजेच्या ट्रकच्या पोटात आधीच शेकडो किलोंची बॅटरी असते.

खरी अडचण येते ती रस्त्यात भरणा करण्याची. लाइटनिंगची बॅटरी जलद केंद्रावर १५ टक्क्यांवरून ८० टक्क्यांपर्यंत यायला सुमारे पाऊण तास लागतो. त्यापुढे ती फार हळू भरते, म्हणून लांबच्या प्रवासात लोक ऐंशीलाच उठतात. म्हणजे हाताशी राहिला पासष्ट टक्के भाग. १६० चे पासष्ट टक्के म्हणजे १०४ किलोमीटर. तासभर चालायचं, पाऊण तास थांबायचं, पुन्हा तासभर चालायचं! दिवसभरात सहाशे किलोमीटर गाठायचे असतील तर घरची मंडळी कंटाळून जातील. त्यात तिथली बहुतेक केंद्रं मोटारींसाठी बांधलेली, गोठ्यातल्या दावणीसारखी. तोंड आत घालून उभं राहायचं. मागे ट्रेलर असला की तो रस्ता अडवतो. मग आधी ट्रेलर सोडून कुठेतरी उभा करा, ट्रक भरा, पुन्हा ट्रेलर जोडा. आरपार निघून जाता येईल अशा जागा आता होऊ लागल्या आहेत, पण अजून थोड्या आहेत.

इथे पेट्रोलच्या ट्रकवाल्यांनी मिशीला पीळ देण्याचं कारण नाही. ट्रेलर जोडला की त्यांचंही लिटरमागचं अंतर निम्म्यावर येतं. वारा सर्वांना सारखाच. फरक एवढाच की त्यांच्या टाकीत शंभर-सव्वाशे लिटर मावतं, आणि संपलं तर पाच मिनिटांत पुन्हा भरतं. एक लिटर पेट्रोलमध्ये उष्णतेच्या रूपाने जवळजवळ नऊ युनिटं असतात. इंजिन त्यातली तीन-चतुर्थांश धुरात आणि गरम हवेत घालवतं, तरीही पेट्रोल इतकं सघन आहे की उधळेपणा खपून जातो. विजेची मोटर काटकसरी, पण तिची पोतडी लहान.

या पेचातून एक मधला मार्ग निघाला. ट्रक विजेचाच ठेवायचा, चाकं फक्त मोटरीनेच फिरवायची, पण सोबत पेट्रोलचं एक इंजिन बसवायचं, ज्याचं काम एकच: जनित्र फिरवून वीज करणं. इंजिनाचा चाकांशी काही संबंध नाही. अशा ट्रकला पल्ला वाढवलेला ट्रक म्हणता येईल. कल्पना काही नवी नव्हे. आपल्या रेल्वेचं डिझेल इंजिन तुम्ही पाहिलंच असेल. १९६२ पासून आपल्याकडे धावलेली डब्ल्यूडीएम-२ जातीची इंजिनं नेमकी अशीच होती. आत डिझेल इंजिन धडधडतं ते जनित्र फिरवायला, आणि चाकं फिरतात विजेच्या मोटरींनी. पल्लेदार ट्रकमध्ये भर एवढीच की मध्ये मोठी बॅटरी आहे आणि ती घरी रात्री भरता येते.

असा ट्रक घेणाऱ्याने कंपनीला एक प्रश्न जरूर विचारावा: तुमचं जनित्र सतत किती वीज देतं? कारण वरच्या चाचणीत किलोमीटरला ०.८२ युनिट आणि तासाला ११३ किलोमीटर, म्हणजे तासाला ९३ युनिटं लागत होती. जनित्र त्याहून मोठं असेल तर बॅटरी संपली तरी सपाटीवर वेग टिकेल. चढावर जादा लागेल ते बॅटरीत राखून ठेवलेल्या साठ्यातून येईल. जनित्र लहान असेल तर चढाच्या मध्यावर गाडी मंदावेल. बीएमडब्ल्यू कंपनीने २०१३ मध्ये आणलेल्या आय-३ या छोट्या मोटारीत असंच एक चिमुकलं इंजिन पर्याय म्हणून मिळत असे. बॅटरी तळाला गेल्यावर लांब चढ आला की तिचा जोर उतरायचा. शहरातल्या एकट्या-दुकट्या माणसाला ते चालून गेलं, मागे तीन टनांचा ट्रेलर असलेल्याला चालणार नाही. रॅम कंपनीने नोव्हेंबर २०२३ मध्ये जो पल्लेदार ट्रक जाहीर केला, त्याचं जनित्र १३० किलोवॉटचं सांगितलं, म्हणजे तासाला १३० युनिटं. बॅटरी ९२ युनिटांची. हिशेबाने हे जमतं. अशा वेळी पेट्रोल किती जाईल, तर माझ्या अंदाजाने लिटरला तीन ते साडेतीन किलोमीटर. काही स्वस्त नाही. पण ट्रेलर सोडून पाऊण तास उभं राहण्याची पाळी येत नाही.

कंपन्यांचं वारंही याच बाजूला वळलं. रॅमच्या या ट्रकची तारीख पुढे पुढे गेली, पण २०२५ मध्ये त्या कंपनीने निव्वळ विजेच्या मोठ्या ट्रकचा बेत सोडून दिला आणि त्याचं नाव या पल्लेदार ट्रकला दिलं. डिसेंबर २०२५ मध्ये फोर्डनेही निव्वळ विजेच्या लाइटनिंगचं उत्पादन थांबवून पुढची आवृत्ती इंजिन-जनित्रासह काढणार असल्याचं जाहीर केलं.

तेव्हा विजेचा ट्रक ओझ्याला नालायक ठरला का? मला तसं वाटत नाही. तुमचा कुणी भाचा-पुतण्या तिकडे असेल आणि सल्ला विचारील, तर त्याला उलट विचारा, वर्षात किती दिवस ओढणार आणि एका दमात किती लांब? घरापासून चाळीस-पन्नास किलोमीटरांवर तळं आहे, दर रविवारी होडी न्यायची आणि संध्याकाळी परत आणायची, रात्री अंगणात वीज भरायची, अशाला निव्वळ विजेचा ट्रक उत्तम. बाजारवाडीला जनावरं नेणाऱ्या शेतकऱ्याचंही, अंतर तेवढंच असेल तर, तेच. चाकांवरचं घर घेऊन एका राज्यातून दुसऱ्यात जाणाऱ्याने इंजिनवाला घ्यावा, किंवा सरळ पेट्रोलचाच ठेवावा. वर्षातून एकदाच ओढायचं असेल तर त्या एका दिवसासाठी दुसऱ्याचा ट्रक भाड्याने आणलेला परवडतो. पंधरा दिवसांच्या सुटीसाठी साडेतीनशे दिवस इंजिनाचं ओझं वागवण्यात काय हशील!

होडी पाण्यात सोडताना विजेचा ट्रक फार कामाचा आहे, त्याबद्दल थोडं सांगून थांबतो. उतरता धक्का नेहमी ओला, शेवाळलेला असतो. तिथे मोटरीचा अलगद, तोलून लावता येणारा जोर चाकं घसरू देत नाही. धक्क्यावर उभं राहून गुरगुरत धूर सोडणंही नाही. पण काही कामं ट्रक कोणताही असला तरी चुकत नाहीत. लांबून आल्यावर ट्रेलरच्या चाकांचे तुंबे तापलेले असतात. तसेच थंड पाण्यात घातले की आतली हवा आकसते आणि पाणी आत शोषलं जातं. मग वंगण पांढरं पडतं आणि पुढच्या प्रवासात बेअरिंग जळतं. म्हणून थोडा वेळ गार होऊ द्यावं. पाण्यात जाण्याआधी ट्रेलरच्या दिव्यांची तार काढावी. मागचे पट्टे आधी सोडावेत, पुढची साखळी अगदी पाण्याशी गेल्यावर. होडीच्या बुडाचं बूच लावलंय की नाही हे हाताने चाचपून पाहावं. ते विसरणारे दरसाल निघतात. समुद्र किंवा खाडी असेल तर ट्रकची मागची चाकं फार खोल घालू नयेत. बॅटरी बंदिस्त असते, पण २०२२ मध्ये फ्लोरिडात वादळाच्या खाऱ्या पुरात बुडून राहिलेल्या काही विजेच्या मोटारींनी नंतर पेट घेतला होता. धक्क्यावरच्या क्षणभराच्या पाण्याने तसं होत नाही. तरी घरी परतल्यावर ट्रकचं बूड आणि सगळा ट्रेलर गोड्या पाण्याने धुऊन काढावा.